सतरावा रकाना

फॉर्म भरणे हे शिक्षकाच्या कपाळीच लिहिलेले असते. शिष्यवृत्तीचे फॉर्म, परीक्षांचे फॉर्म, पोषण आहाराचे तक्ते, मतदारांच्या याद्या. वीस वर्षे मी हेच करीत आलो आहे. त्यामुळे फॉर्म समोर आला की माझ्या हाताला आपोआप एक वळण लागते. डोके बाजूला ठेवायचे, वरून खाली उतरत जायचे, जिथे ‘होय’ चालेल तिथे ‘होय’ लिहायचे, जिथे ‘नाही’ चालेल तिथे ‘नाही’, आणि तळाशी सही ठोकून मोकळे व्हायचे. या कामात जो विचार करतो तो मागे पडतो आणि त्याचाच फॉर्म परत येतो, असा माझा अनुभव आहे.

मी कादंबऱ्याही लिहितो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकपुरते. पुढे चित्रकलेची पदविका घेतली आणि गावच्या हायस्कुलात चित्रकलेचा शिक्षक झालो. मॅट्रिक झालेला माणूस कादंबऱ्या लिहितो याचे आमच्या गावात कौतुक आहे आणि कादंबऱ्या लिहिणारा माणूस नुसता मॅट्रिक आहे याचे बाहेरगावी. या दोन कौतुकांवर माझे बरे चालले होते. अशा माणसाची झोप एका फॉर्मातल्या एका रकान्याने उडवावी, हे आधी कुणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

तो फॉर्म होता पर्यावरण आणि वन्यजीवांवरच्या चित्रपटांच्या एका महोत्सवाचा. असे महोत्सव आता पुष्कळ ठिकाणी भरतात. इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरात १९८२ पासून ‘वाइल्डस्क्रीन’ भरतो. दिल्लीत ‘वातावरण’ २००२ मध्ये सुरू झाला आणि पुण्यात किर्लोस्कर वसुंधरा महोत्सव २००६ मध्ये. आमच्या मुलांनी अशा चित्रपटांचा एक खेळ तालुक्याच्या गावी, एका सभागृहात पाहिला होता. एस्टीतून परत येताना नेहमीच्या गाण्याच्या भेंड्या झाल्या नाहीत, यावरून मी ओळखले की काहीतरी आत रुतले आहे.

दुसऱ्या दिवशी चित्रकलेच्या तासाला मी त्यांना माइक पांडे यांची गोष्ट सांगितली. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क नावाचा अजस्र मासा येतो. गरीब प्राणी, इवल्याइवल्या जिवांवर जगतो. त्याच्या यकृताच्या तेलासाठी आणि मांसासाठी कोळी त्याला मारीत. पांड्यांनी त्या कत्तलीवर ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा अनुबोधपट काढला. २००० साली त्याला ब्रिस्टलच्या महोत्सवात मानाचा पांडा पुरस्कार मिळाला आणि २००१ साली आपल्या देशात या माशाला कायद्याचे संरक्षण मिळाले. “म्हणजे पिक्चरमुळे मासा वाचला?” मागच्या बाकावरून एकाने विचारले. एकट्या पिक्चरमुळे नव्हे, पण त्यावाचून तो कुणाला दिसलाच नसता, असे मी म्हणालो. पोरांच्या डोळ्यांत तेव्हाच काय ते चमकले असावे.

विचारणारा तो मुलगा नववीतला. वर्गात त्याला सगळे ‘कॅमेरामन’ म्हणतात. आपणही तसेच म्हणू. बापाचा मोबाईल संध्याकाळी तासभर त्याच्या हाती येई आणि त्या तासात तो मुंगळ्यापासून म्हशीपर्यंत दिसेल त्याचे चित्रण करी. वर्गात मात्र त्याचे लक्ष नसे. वस्तुचित्रात तांब्या काढायला सांगितला तर तांब्यावर पडलेला खिडकीचा उजेड तेवढा काढून बसणाऱ्यांपैकी तो.

आमचे गाव अष्टागरातले. नारळी-पोफळीच्या वाड्या, वाडीत बाव, बावीवर एखादी कललेली शिंदी, आणि पावसाळ्यात त्या शिंदीला लटकलेले सुगरणीचे खोपे. चित्रपट कशावर काढायचा हा प्रश्नच नव्हता. शिवाय त्या विषयाला आमच्या मातीतलाच एक मोठा आधार होता. इथून फार लांब नाही त्या किहीमला १९३० च्या पावसाळ्यात सलीम अली राहत होते. हातची नोकरी गेलेली. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. शिडीवर आडोसा करून ते तासन्‌तास बसत आणि दिसेल ते टिपून ठेवीत. त्यातून त्यांनी जे लिहिले त्याने या पाखराबद्दलच्या कितीतरी समजुती बदलल्या. ‘नोकरी नव्हती म्हणून केवढं काम झालं,’ हे मी मुलांना मुद्दाम सांगितले. शिक्षकाने असे सांगू नये हे मला कळते.

पहिली समजूत मोडली ती आमच्या निवेदन करणाऱ्या मुलीची. खोपा विणतो तो नर. पावसाळ्याच्या तोंडावर त्याचे डोके हळदीसारखे पिवळे होते. भाताच्या पात्याला, झावळीला चोचीने खाच पाडून तो लांब धांदोटी काढतो आणि विणायला घेतो. एका खोप्याला पंधरा-अठरा दिवस आणि शेकडो खेपा लागतात. अर्धा खोपा झाला की तो उलट्या टोपासारखा दिसतो; खाली आडवा एक पट्टा असतो. तेव्हा माद्या पाहायला येतात. आत शिरतात, ओढून पाहतात, बहुतेक वेळा निघून जातात. एखादीने पसंत केला तर हा पुढचे काम करतो. एका बाजूला अंड्यांची खोली, दुसऱ्या बाजूला खाली लोंबणारी नळी. मादी अंडी घालते, उबवते, पिलांना भरवण्याचा भारही बहुतेक तिच्यावरच. आणि हे महाराज? ते शेजारच्या फांदीवर दुसऱ्या बायकोसाठी दुसरा खोपा बांधायला घेतात.

“म्हणजे बहिणाबाईंच्या कवितेतली सुगरण खोटी?” त्या मुलीने विचारले. तिला ती कविता सबंध पाठ होती आणि शाळेच्या स्पर्धेत तिच्यावर बक्षीसही मिळाले होते.

“कविता खोप्याची नाही, आईची आहे,” मी म्हणालो. उत्तर बरे जमले म्हणून मी माझ्यावरच खूश झालो. लिहिणाऱ्याला थोडी सूट असते, असेही वर जोडून दिले. ते वाक्य पुढे माझ्याच अंगावर येणार होते.

दुसरी समजूत आमच्या घरातली. माझी आजी सांगे की सुगरण खोप्यात काजवे चिकटवते, रात्री उजेड हवा म्हणून. खरे पाहता ते काजवे नव्हेत, ओल्या मातीचे गोळे असतात; अर्धवट खोप्याच्या आतल्या बाजूला नर ते थापतो. मुलांनी चिखल घेऊन येणारा नर टिपला तेव्हा मला आनंद झाला आणि आजीसाठी थोडे वाईटही वाटले.

जुलै-ऑगस्टभर चित्रण चालले. बांबूच्या तीन काठ्या बांधून तिकाटणे केले होते. एकाने छत्री धरायची, एकाने बावीकडे येणाऱ्या गाईगुरांना अडवायचे, आणि कॅमेरामनने हलायचे नाही. जमलेले चित्रण मी दर शनिवारी पाही. चांगले होते, पण लांबून होते. पाखरे बोटाच्या पेराएवढी दिसत. मी मुलाला म्हणालो, “अरे, लांबून कुणीही घेईल. जवळून घे. आतलं दिसलं पाहिजे.”

मी कादंबरीच्या भाषेत बोललो होतो. ‘आतले’ म्हणजे भाव, जिव्हाळा, असे काहीतरी माझ्या मनात होते. चौदा वर्षांच्या मुलाने त्या शब्दाचा जो सरळ अर्थ होतो तोच घेतला.

पुढच्याच आठवड्यात त्याने ते दृश्य आणले. मादी चोचीत अळी धरून खोप्याशी येते. मग एकदम अगदी जवळून, गवताच्या विणीच्या चौकटीत, दोन उघड्यावाघड्या पिलांच्या आ वासलेल्या चोची. माना थरथरताहेत. चोचींच्या कडा पिवळ्याधमक. आठ सेकंदांचे दृश्य असेल. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. शाळेच्या संगणकावर मी ते चार वेळा पाहिले आणि हाच चित्रपटाचा शेवट, असे ठरवून टाकले. निवेदनाचे शेवटचे वाक्यही मीच लिहिले होते: ‘वादळवाऱ्यात झुलणाऱ्या या बंद घराच्या आत कुणाचीही नजर पोहोचत नाही.’ ते वाक्य त्या दृश्याच्या अगदी आधी येत होते, आणि आम्हा पंधरा जणांपैकी एकालाही त्यात काही खटकले नाही. टाळ्या वाजवताना कान बंद होतात, हेच खरे.

आता फॉर्मकडे येतो. प्रवेशिका पाठवायची मुदत रात्री बारापर्यंत होती. मुले जेवून माझ्या घरी जमली. आमच्या सौभाग्यवतींनी चहा टाकला. मी शाळेचा लॅपटॉप मांडीवर घेतला.

पहिले काही रकाने गमतीत गेले. ‘दिग्दर्शकाचा परिचय, शंभर शब्दांत.’ दिग्दर्शकाच्या चौदा वर्षांच्या आयुष्यात शंभर शब्दांचा ऐवज जमेना. शेवटी त्याच्या दोन शेळ्यांची नावे घातली तेव्हा संख्या भरली. ‘यापूर्वीचे चित्रपट’; आम्ही ‘मुंगळा’ आणि ‘म्हैस’ लिहिले. ‘चित्रपटाचा पहिला खेळ कोठे झाला?’ इयत्ता नववी, तुकडी ब. संगीताच्या हक्कांचा रकाना आला तेव्हा धांदल उडाली. मुलांनी एका सिनेमाची लोकप्रिय चाल बिनधास्त वापरली होती. ती हक्कांवाचून चालणार नव्हती. मग शाळेचे शिपाईमामा, जे सुट्टीत बासरी वाजवतात, त्यांना झोपेतून उठवून आणले, अंगणातच बासरी टिपून घेतली, आणि ‘ही बासरी मी वाजवली असून वापरण्यास माझी हरकत नाही’ असे त्यांच्याकडून लिहून घेतले. त्यांनी सहीखाली तारीख आणि वेळही घातली: रात्रीचे दहा वाजून पाच मिनिटे.

इंग्रजी अक्षरांतली भाषांतराची पट्टी आमच्या इंग्रजीच्या बाईंनी आधीच करून दिली होती. ‘सुगरण’ या शब्दापाशी त्या अडल्या होत्या. इंग्रजीत त्या पाखराला ‘बाया वीव्हर’ म्हणतात, म्हणजे विणणारा. आपण त्याला स्वयंपाकघरातली पदवी दिली आहे. तिथेही आपण खरे नाव ठेवले नाही, कौतुकाचे ठेवले.

असे करीत सतराव्या रकान्याशी आलो. त्याचा आशय असा: चित्रीकरण करताना कोणत्याही प्राण्याला, घरट्याला किंवा निवासाला हलवले, उघडले, त्रास दिला काय? एखादे दृश्य मुद्दाम जुळवून आणले काय? होय असल्यास तपशील द्या.

माझा हात सवयीने ‘नाही’कडे गेला. तेवढ्यात मागून प्रश्न आला. ही चहाचे कप गोळा करायला आली होती आणि बाजूला मोबाईलवर मुले चित्रपटाचा शेवट पुन्हा पाहत होती, तो तिने प्रथमच पाहिला.

“अहो, पण सुगरणीच्या खोप्यात आतलं दिसतं कुठे?”

ती वाडीतली मुलगी. तिच्या माहेरच्या बावीवर दरवर्षी वीस-पंचवीस खोपे असत. तिने काही शोध लावला नव्हता. पातेल्यात बुडाशी काय आहे ते वरून झाकण असताना दिसत नाही, इतक्या साधेपणाने ती बोलली होती.

अंगणात बेडूक ओरडत होते तेवढेच. मी कॅमेरामनकडे पाहिले. तो हातातल्या मोबाईलची काच शर्टाला पुसत होता.

“कसं घेतलंस रे?” मी विचारले.

“आकडीनं झाप खाली ओढली, सर. पायपाला बांधली. मग ब्लेडनं थोडं कापलं.”

“किती?”

त्याने अंगठा आणि तर्जनी यांची खिडकी करून दाखवली. मोबाईलच्या डोळ्याला पुरेल एवढी.

“आणि आई?”

“ती आली नाही, सर. ती अळीवाली दुसऱ्या खोप्यावरची आहे. नंतर जोडली.”

“मग पिलं?”

“दोन दिवसांनी पाहिलं तर नव्हती. उडाली असतील.”

कुणीच काही बोलले नाही. त्या दृश्यातली पिले मी चार वेळा पाहिली होती. अंगावर पीस नव्हते. डोळे उघडलेले नव्हते. अशी पिले दोन दिवसांत उडत नाहीत; खोप्याच्या भिंतीला पडलेल्या भोकातून पाऊस आत येतो, कावळा आत येतो. हे मला ठाऊक होते, आणि मुलाचा चेहरा पाहिल्यावर कळले की त्यालाही ठाऊक होते. ‘असतील’ हा शब्द त्याने फार हळू उच्चारला.

मी शिक्षकाच्या आवाजात विचारले, “असं का केलंस?”

त्याने मान वर केली. त्यात उर्मटपणा नव्हता, तक्रारही नव्हती. जणू मला आठवण करून द्यावी तसे तो म्हणाला, “तुमच्या पुस्तकात होतं, सर.”

मला क्षणभर काही कळेना. मग मी उठलो आणि कपाटातून माझी तिसरी कादंबरी काढली. बारा वर्षांपूर्वीची. शाळेच्या ग्रंथालयात तिच्या दोन प्रती आहेत; ग्रंथपालांच्या आग्रहाखातर मुले त्या नेतात. नायिका सासरी एकटी पडली आहे, माजघराच्या खिडकीशी उभी आहे, आणि बाहेरच्या शिंदीवर सुगरणीच्या खोप्यात आ वासलेल्या पिलांच्या चोची पाहून तिला माहेर आठवते. सबंध परिच्छेद आहे. एका परीक्षणात तो उतरून घेतला गेला होता. मी तो लिहिला तेव्हा खोप्याला नळी असते, तोंड खाली असते, आतले काही दिसत नाही, हे मला माहीत नव्हते असे नाही. लहानपणापासून पाहत आलो होतो. पण नायिकेला रडवायचे होते, चोची हव्या होत्या, घातल्या. बारा वर्षांत एकाही वाचकाने, परीक्षकाने, प्रकाशकाने त्याबद्दल विचारले नाही. विचारले ते या सतराव्या रकान्याने.

आणि एका मुलाने ते वाक्य खरे मानले. वाचल्याप्रमाणे त्याला खोप्यात चोची दिसायला हव्या होत्या, दिसेनात, तेव्हा त्याला वाटले, चूक आपल्या पाहण्याची आहे. मग त्याने पुस्तकाप्रमाणे खोपा दुरुस्त करून घेतला.

मी बराच वेळ पुस्तक हातात धरून उभा होतो. घड्याळात पावणेअकरा वाजले होते. निवेदनवाल्या मुलीने मार्ग सुचवला: “सर, ते दृश्य काढून टाकू. मग ‘नाही’ लिहिलं तर चालेल.” मला हायसे वाटले. कात्री लावणे सोपे होते. एका मुलाने ते तिथल्या तिथे केलेही. चित्रपट आठ सेकंदांनी लहान झाला.

“दृश्य काढलं,” आमची सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “म्हणून भोक बुजलं का?”

मी रकाना पुन्हा वाचला. पडद्यावर काय दाखवले, असे तिथे विचारलेच नव्हते. चित्रीकरण करताना काय केले, असे विचारले होते. कात्री लावून आम्ही फक्त पुरावा पुसत होतो.

मग मी मुलाला म्हणालो, “तूच लिही.” त्याने लॅपटॉप ओढून घेतला. एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, त्याने लिहिले: ‘होय. घरटे आकडीने खाली ओढले. ब्लेडने भोक पाडले. दोन पिले होती. डोळे उघडले नव्हते. दोन दिवसांनी घरटे रिकामे होते. तो भाग काढला आहे.’

‘उडाली असतील’ हे त्याने लिहिले नाही. त्याला कुणी सांगितले नव्हते.

मी खाली एक ओळ घातली: ‘जवळून घे आणि आतले दाखव, असे मी शिक्षक म्हणून सांगितले होते.’ कादंबरीचा उल्लेख करायला जागा उरली नाही. खरे सांगायचे तर मी जागा उरू दिली नाही. बारा वाजायला वीस मिनिटे असताना प्रवेशिका गेली.

मुले घरी गेली. मला मात्र झोप येईना. महोत्सवाच्या सूचनांचे सगळे पान मी त्या रात्री, भरून झाल्यावर, पहिल्यांदा वाचले. त्यातून वाट काढत आणखी काही वाचत गेलो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या आहे. बंदूक, सापळा, विष हे तर त्यात आहेच. पण पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना धक्का लावणे हेही त्याच व्याख्येत बसवले आहे. शिकार! आम्ही ब्लेड आणि मोबाईल घेऊन गेलो होतो.

डिस्नेच्या कंपनीने १९५८ साली ‘व्हाइट वाइल्डरनेस’ नावाचा चित्रपट काढला होता, त्याची हकिगतही तेव्हाच वाचली. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी असतात. ते कळपाने कड्यावरून समुद्रात उड्या टाकून जीव देतात, असे त्या चित्रपटात दिसते. त्याला ऑस्कर मिळाले. जगभरच्या लोकांनी ते खरे मानले. आपण आजही आंधळेपणाने मागे जाणाऱ्यांना ती उपमा देताना ऐकतो. पुढे १९८२ साली कॅनडातल्या दूरदर्शनवरच्या एका कार्यक्रमाने त्याचे बिंग फोडले. चित्रण झाले ते आल्बर्टा प्रांतात, पण ते लेमिंग तिथले नव्हतेच. ते दुसऱ्या प्रांतातून विकत आणले होते, आणि कड्यावरून त्यांनी उड्या मारल्या नव्हत्या. त्यांना ढकलले होते. विकत आणले ते कुणाकडून? तिथल्या लहान मुलांकडून. त्या ओळीपाशी मी लॅपटॉप मिटला.

लिहिणाऱ्याला थोडी सूट असते, असे मी वर्गात म्हणालो होतो. आजही मला ते सबंध खोटे वाटत नाही. बहिणाबाईंनी पाखराला आई केले, त्यात पाखराचे काही बिघडले नाही. ती कविता वाचून कुणी ब्लेड घेऊन बावीवर गेले नाही. माझी नायिका खोटी आहे, तिचे सासर खोटे आहे, त्याबद्दल मला आजही रुखरुख नाही. पण शिंदी खरी होती आणि खोपा खरा होता. खऱ्या जिवाबद्दल मी जे आळसाने खोटे लिहिले, त्याची किंमत मी दिली नाही, वाचकाने दिली नाही. दोन पिलांनी दिली. आणि एका मुलाने.

दोन महिन्यांनी महोत्सवाचे पत्र आले. आपल्या सहभागाबद्दल आभार. प्रवेशिका पुष्कळ आल्याने निवड होऊ शकली नाही. वर्ग हिरमुसला. “खरं लिहिलं म्हणून का हो सर?” निवेदनवाल्या मुलीने विचारले. मी म्हणालो, “तेही असेल. पण आठ मिनिटांपैकी दोन मिनिटं चित्र हलत होतं, हेही असेल.” ‘खरे बोलल्याचे फळ मिळते’ हा धडा पुस्तकात आहे, मला तो शिकवता आला नाही. मी त्यांना एवढेच सांगितले की फॉर्मात विचारले होते ते आपण सांगितले. कॅमेरामन काहीच बोलला नाही.

माझ्या त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघण्याचा संभव नाही. म्हणून एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी ग्रंथालयात गेलो आणि दोन्ही प्रतींतला तो परिच्छेद पेनने दुरुस्त केला. आता नायिकेला खिडकीतून बंद खोपा दिसतो आणि आतला चिवचिवाट तेवढा ऐकू येतो. ती तरीही रडते. वाचून पाहिले, काही कमी झाल्यासारखे वाटले नाही. ग्रंथपालांनी मात्र पुस्तकावर लिहिल्याबद्दल मला नियमाप्रमाणे दंड केला.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलगा एक दिवस शाळेत लवकर आला. हातात कागदात गुंडाळलेले काहीतरी होते. पावसाळा सरल्यावर शिंदीखाली गळून पडलेला तो खोपा त्याने आणला होता. वाळून सोन्यासारखा झालेला, हलका, आणि पोटाला अंगठ्या-तर्जनीच्या खिडकीएवढे भोक. आमच्याकडे लोक असे वाळके खोपे हौसेने ओटीवर टांगतात. दिवाळीत आकाशकंदिलाच्या शेजारी ते शोभतातही. त्याने तो माझ्या टेबलावर ठेवला आणि “वस्तुचित्राला होईल, सर,” असे म्हणून जागेवर जाऊन बसला.

मी तो खोपा चित्रकलेच्या खोलीत दोरीने टांगला आणि भोकाची बाजू वर्गाकडे ठेवली. नववीच्या वार्षिक परीक्षेला तोच विषय दिला. बेचाळीस कागद आले. मुलांनी वीण छान काढली होती, नळी छान काढली होती, कुणी शेजारी पिवळ्या डोक्याचा नर बसवला होता, दोघा-तिघींनी तर आ वासलेल्या चोचीही घातल्या होत्या. डोळ्यांसमोर भोक असून एक्केचाळीस जणांनी खोपा सबंध काढला होता. त्यांचा दोष नाही. खोपा कसा असतो हे त्यांना आधीपासून माहीत होते. समोर पाहायची गरज कुणाला वाटली नाही.

एका कागदावर भोक होते. नुसते भोक नव्हे. कडांचे कापलेले तंतू एकेक करून काढले होते, आणि आतला काळोख पेन्सिलने इतका गडद केला होता की कागद तिथे झिजला होता.

मी त्याला गुण देऊन कागद परत गठ्ठ्यात ठेवला. यंदा तो दहावीला आहे. पावसाळ्यात बावीवर पुन्हा खोपे लागले. संध्याकाळी वाडीतून जाताना मला तो कधी कधी दिसे. पलीकडच्या बांधावर, चांगले तीस-चाळीस पावलांवर, छत्री घेऊन बसलेला. मोबाईल खिशातच असे. मी हाक मारली नाही. तिथून त्याला पाखरे बोटाच्या पेराएवढीच दिसत असणार.